रोटाचं पाणी

सुरतच्या भेस्तानमधल्या त्या गल्लीत बावीस खोल्या आणि नळ एक. नळ कोपऱ्यावर. सकाळी सहाला यायचा, पावणेसातला जायचा. पंचेचाळीस मिनिटांना बावीसनं भागलं तर घरटी दोन मिनिटं आणि वर थोडी चिल्लर. हा भागाकार गल्लीतल्या एकाही बाईनं पाटीवर केला नव्हता, पण दोन मिनिटांत आपली किती भांडी भरतात ते प्रत्येकीला पाठ होतं. शोभाबाईचे तीन हंडे आणि एक कळशी. शांताबाईचे चार हंडे, कारण तिचे हंडे लहान आहेत असं ती म्हणायची. कुणी मोजून पाहिलं नव्हतं. दुसरीचे मोजायला गेलं की आपलेही मोजले जातात, एवढं शहाणपण सगळ्यांकडे होतं.

आता या गल्लीत घरोघर नळ येणार होता.

याचं श्रेय शांताबाईच्या नवऱ्याचं, आनंदाचं. आनंदा नांदेडकडचा, लूमवर बारा तास उभा राहणारा. लूमच्या खडखडाटानं एका कानानं कमी ऐकू यायचं. तीन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी बगलेत फाइल मारून वॉर्ड ऑफिसात जात होता. तिथला साहेब 'पुढच्या महिन्यात' म्हणायचा तेव्हा आनंदा बहिरा कान पुढे करायचा, आणि 'अर्ज द्या' म्हणायचा तेव्हा चांगला. असे अकरा अर्ज झाले. बाराव्याला पाइप आला.

पाइपाची सगळ्यात जास्त वाट निंबाच्या घरात पाहिली जात होती. निंबा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर. बायको शोभाबाई, म्हातारी आई धुरपदाबाई, इच्छापोरला कंत्राटावर जाणारा मुलगा कुंदन आणि सून वर्षा. वर्षाला सातवा महिना. आठ महिन्यांपूर्वी घराच्या मागच्या कोपऱ्यात संडास बांधून झाला होता. पांढरी फरशी, लोखंडी दार, दाराला आतून-बाहेरून कडी. फक्त पाणी नव्हतं. तीन हंडे आणि एका कळशीत पाच माणसांचं पिणं, रांधणं, धुणं, त्यात संडासात काय ओतणार? म्हणून शोभाबाईनं संडासाच्या भांड्यावर फळी टाकली, फळीवर तुरीच्या डाळीची गोणी आणि गोणीवर कुंदनच्या लग्नातली सुटकेस ठेवली. सुरतेत एवढी कोरडी आणि स्वच्छ खोली दुसरी सापडली नसती. घरातली माणसं मात्र मेन रोडवरच्या सार्वजनिक संडासात जात. पाचशे बारा पावलं. वर्षानं मोजली होती. सातव्या महिन्यात ती सहाशेच्या वर गेली, कारण पावलं लहान झाली.

"मम्मी, नळ आला की मी पहिल्यांदा ती सुटकेस बाहेर काढणार," ती सासूला म्हणायची.

"काढ बाई. डाळ मात्र जपून. सांडशील नाहीतर सगळी आत."

*

आषाढ सरता सरता खणणारी माणसं आली. त्यांच्यावर ललित नावाचा कंत्राटदाराचा पोरगेला सुपरवायझर. डोक्यावर पिवळी टोपी, हातात मीटरची टेप. दोन दिवसांत त्यांनी सबंध गल्ली उभी चिरली. पाइप काळा, त्याच्या अंगावर निळी रेघ. मेन रोडपासून सुरू, आनंदाच्या शेवटच्या खोलीपाशी खलास. सगळीकडे तीन फूट खाली.

फक्त निंबाच्या दारात अडलं. निंबाच्या ओट्यासमोर वावभर माती उरली होती. आनंदाच्या दारातली आळूची चार पानं सोडली तर बाकी सगळ्या गल्लीत सिमेंट, फरशी नाहीतर डांबर, आणि इथे तेवढी काळी माती. त्या मातीवर सकाळीच धुरपदाबाई मांडी घालून बसली.

"माजी, ऊठो ने," ललित म्हणाला.

"आठे खंदानं नही. आठे मना घरना रोट शेत."

ललितला अहिराणी कळेना, त्यानं वर्षाकडे पाहिलं. वर्षानं गुजरातीत समजावलं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्या दिवशी कुळाचा रोट. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, घरी दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या आणि खीर. ते फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, ताटात टाकायचं नाही, आणि जेवल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही. दारात खड्डा करून त्यात धुवायचे हात, मग तो खड्डा बुजवायचा. तीस वर्षं इथेच खड्डे झालेत. एकदा बुजवलेला उघडायचा नसतो.

ललितनं टोपी काढून डोकं खाजवलं. घरी त्याचीही आजी असावी. "केटला ऊंडा?" त्यानं विचारलं. धुरपदाबाईनं हात कोपरापर्यंत दाखवला.

शेवटी तोडगा निघाला. तेवढ्या वावभर जागेत पाइप दीड वितीवरून न्यायचा. जुन्या खड्ड्यांचे तळ खाली सुखरूप, पाइप वरून पसार. "तमारा रोट नीचे, मारो पाइप उपर," ललित हसून म्हणाला. म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देऊन उठायला तिला पाइप बसवण्याइतकाच वेळ लागला. माती लोटली, चोपली, आणि दुपारपर्यंत तिथे काही झालं होतं असं वाटेना.

निंबा तेव्हा मिलमध्ये होता. संध्याकाळी त्याला एवढंच कळलं की पाइप गेला आणि रोटाची जागा वाचली. म्हातारीनं मागच्या तीस खड्ड्यांची चोख राखण केली. एकतिसाव्याचा हिशेब करायचा तेवढा राहून गेला.

*

कानबाईच्या रविवारी पांडेसऱ्याहून चुलतभाऊ बळीराम बायकापोरांसह आला. चौरंगावर नारळाची कानबाई बसली, नाकात नथ, अंगावर जरीचं हिरवं वस्त्र. घरात पुरणाचा वास, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीचा वास, आणि एका खोलीत अठरा माणसं. शोभाबाईची नणंद दारात बसून सगळ्यांना वाढायच्या सूचना देत होती. तिला स्वतःला मात्र रोट चालत नव्हता. लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली. ती बिस्किटं खात होती आणि पुरणात गूळ कमी पडल्याचं नुसत्या वासावरून सांगत होती.

खड्डा करायचं काम घरच्या कर्त्या पुरुषाचं. निंबानं पलंगाखालची कुदळ काढली. वर्षभरात ही कुदळ एकदाच बाहेर यायची. निंबाची नखं त्या आठवड्यात मोरपंखी होती. मिलमध्ये जो रंग चालू, तो त्याच्या नखांत. बायको म्हणायची, तुमच्या नखांवरून बाजारात कुठली साडी येणार ते कळतं. त्या मोरपंखी बोटांनी त्यानं दांडा धरला आणि त्याला दरवर्षीसारखं बरं वाटलं.

बाप असताना बाप खणायचा आणि निंबा माती ओढायचा. तेव्हा इथं चारच खोल्या होत्या, मागे उसाचं शेत, समोर हातपंप. हातपंपाचा दांडा रात्रभर कुणी ना कुणी हलवायचं आणि त्या कुईकुईवर निंबाची झोप लागायची. बाप सुरतेला आला तो दुष्काळात, शिंदखेड्याकडची कोरडवाहू सोडून. गिरणीत त्यानं सूत ओढलं, गाठी उचलल्या. पण रोटाच्या दिवशी कुदळ हातात आली की तो वाकायचा तो शेतकऱ्यासारखाच, कमरेतून, पाठ सरळ ठेवून. पहिला घाव घालायच्या आधी चिमूटभर माती कपाळाला लावायचा. म्हणायचा, "निंबा, एवढीच आपली जमीन इकडे." बाप जाऊन चौदा वर्षं झाली. निंबानंही माती कपाळाला लावली.

पहिला घाव मऊ गेला. दुसराही. माती नुकतीच उकरलेली, त्याला वाटलं यंदा पाऊस मुरलाय. तिसऱ्या घावाला कुदळीचं टोक कशात तरी रुतलं. दगडाचा आवाज नव्हे. भोपळ्यात सुरी जावी तसा. त्यानं कुदळ काढली, हातानं माती बाजूला केली. काळा पाइप. त्यावरची निळी रेघ. रेघेच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक.

"व्हयनं का रे निंबा?" आतून बळीराम ओरडला. "पोरं भुकी शेत!"

निंबानं वर पाहिलं. ओट्यावर पोरं. दारात बहीण. आत आई चौरंगापाशी, डोळे मिटून. पाइपात पाणी नव्हतं, बुधवारी येणार होतं. काही गळलं नाही, काही उडालं नाही. जगात कुणाला काही कळलं नव्हतं.

"व्हयनं," तो म्हणाला, आणि पाइपाच्या बाजूनं खड्डा रुंद केला.

सतरा माणसं जेवली. एकेक जण येऊन खड्ड्यावर वाकलं, निंबानं तांब्यानं पाणी घातलं, पुरणाचे तुपकट हात धुतले गेले. ताटंही तिथेच विसळली. ते पिवळसर पाणी खड्ड्यात साचत नव्हतं. दरवर्षी साचायचं, मग हळूहळू जिरायचं. यंदा घळघळ आत जात होतं. गंगाफळाची साल तरंगली आणि गर्कन फिरून भोकातून दिसेनाशी झाली. बळीराम कौतुकानं म्हणाला, "देवीनं मान्य करं. देख कसं पी राहिनी जमीन!"

निंबानं माती लोटली. पायानं दाबली. कुदळ पलंगाखाली गेली.

*

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं. सगळे नाचले. निंबाही नाचला, पण हात वर करायची वेळ आली की त्याचा एकच हात वर जायचा, कुदळ धरलेला खालीच राहायचा. शोभाबाईच्या ते लक्षात आलं. तिनं ते मनात टिपून ठेवलं. विचारलं नाही, कारण विचारलं की नवरा खोटं बोलतो आणि थांबलं की आपणहून बोलतो, हा तिचा तेहतीस वर्षांचा अनुभव.

दुपारी आनंदा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. ओट्यावर बसला.

"निंबाभाऊ, बुधवारी साहेब येणार हाय. टेस्टिंग. पास झालं की तिथल्या तिथं पाणी चालू." मग घराच्या आत पाहून मोठ्यानं म्हणाला, "सूनबाई! गल्लीचं ठरलंय बगा. नव्या लायनीचं पहिलं पाणी तुमी प्यायचं. तांब्याभर. माझी शांता म्हणली, पोटुशी बाई पाणी पिली की पाण्याला बरकत येती."

वर्षा लाजली. "काका, मीच का?"

"मग काय मी पिऊ? मला सातवा हाय का?"

सगळे हसले. निंबा उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसला.

आनंदा गेल्यावर शोभाबाईनं ताट वाढलं. निंबानं पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. धुरपदाबाई समोर बसून पाहत होती.

"जेवस काब्र नही?"

"माय, त्या खड्डामा पाइप फुटना."

शोभाबाईनं वाढायला उचललेली पोळी परत ठेवली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"कुदळ लागनी. मी देखं. आनि उगा राहिनू." निंबाची बोटं ताटात फिरत होती. "सतरा माणसेसना हातनं पानी त्यामा गयं. आते तेच पानी वर्षा पिई."

म्हातारीनं काठी हाताशी ओढली. मग म्हणाली, "खड्डा उघाडता येत नही, निंबा. तुना बापना हातना शेत खाले."

"माले माहीत शे."

"भाऊबंद थुंकतीन."

"तेबी माहीत शे."

वर्षा दारात उभी होती. तिनं फक्त पदर पोटावरून नीट घेतला. धुरपदाबाईनं तो पदर पाहिला. तिच्या जबड्याची हालचाल थांबली.

"पाइप तीन फूट खालेच जाई राहिंता," ती म्हणाली. "मीच वर घेवाडा. मांडी घालीसन बठनू तठे." मग निंबाकडे न पाहता म्हणाली, "जाय. सांग त्याले. सगळासले सांग. एकेकले सांगत फिरू नको, एकेकले सांगं म्हंजे एकेकना घरमा येगयेगळं व्हई जास."

*

मंगळवारी सकाळी नळावर बाविसांची रांग लागली तेव्हा निंबा तिथे उभा होता. नळावर पुरुष आला की बाया पदर सावरतात आणि काहीतरी घडलंय हे ओळखतात. आनंदा दात घासत होता.

निंबानं जे होतं ते सांगितलं. रविवारचं, भोकाचं, गप्प राहिल्याचं. आईचं नाव त्यानं घेतलं नाही. ते म्हातारीनं स्वतः घेतलं, मागून येऊन, काठी टेकत.

नळ वाहत होता. शांताबाईचा हंडा भरून वर सांडत होता आणि ती तो काढायला विसरली. या गल्लीत असं पहिल्यांदाच झालं.

"म्हणजे तुमचं खरकटं आमी प्यायलो असतो," शेवटी ती म्हणाली. "तुमच्या रोटाचा कण आमाला चालत न्हाई. खरकटं बरं चाललं असतं."

"शांते," आनंदा म्हणाला.

"काय शांते? तीन वर्षं चपला कुणाच्या झिजल्या?"

आनंदानं चूळ भरली. तोंड पुसलं. बहिरा कान की चांगला, कोणत्या कानानं त्यानं ऐकलं ते कळेना. घरात गेला, फाइल घेऊन आला, त्यातला ललितचा नंबर काढून फोन लावला. बोलणं दोन मिनिटांचं. फोन ठेवून तो सगळ्यांना म्हणाला, "पाइप जोडावं लागंल. मग दवा टाकून लाइन धुवावी लागंल. उद्याचा साहेब गेला. आता नऊ दिवसांनी." निंबाकडे वळला. "जागा तुमीच उघडा. आमी हात लावला तर उद्या म्हणाल, बाटलं."

बस, एवढंच. शिवी दिली असती तर निंबाला बरं वाटलं असतं.

बायांनी मात्र शिक्षा ठरवली. नळ घरात येईतो निंबाच्या घराचा नंबर बाविसावा. शोभाबाईनं आपला भरायला लावलेला हंडा स्वतःच उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. त्या दिवशी तिला दीड हंडा मिळाला.

दुपारी बळीराम आला. आधी कपाळावर हात मारला, मग बाह्या वर केल्या. दोघांनी कुदळ वापरली नाही. हातांनी माती काढली. गंगाफळाच्या साली, ताटांतून धुतलेलं पुरण, आणि मातीला येणारा आंबूस वास. ललित आला, भोक पाहून त्यानं शीळ घातली, आणि सांगितलं की आता इथेसुद्धा तीन फूट. जुने खड्डेही निघणार.

मग त्या मातीचं काय करायचं? गटारात नाही, कचरागाडीत नाही. धुरपदाबाई ओट्यावर बसून होती. ती म्हणाली, "गोनीमा भरा. बळीराम, तू पोळाले गाव जाशीच ना? घर मांगला वावरमा टाकी दे."

"मोठमाय, रेल्वेमा माती?"

"माती काय तिकीट मांगस?"

सिमेंटच्या दोन गोण्या भरल्या. तीस वर्षांत गावाहून सुरतेला बाजरीची पोती आली, दादर ज्वारीची आली, लोणच्याच्या बरण्या आल्या. सुरतेहून गावाला पोतं जायची ही पहिलीच वेळ. निंबानं तोंडं शिवताना एका गोणीत हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. खालची माती गार होती. मग त्यानं हात काढला आणि सुतळी ओढली.

त्या दिवशी दोन फुटांवर फरशीचा एक तुकडा लागला. बापानं कधी काळी खूण म्हणून पुरलेला असावा. तो कुणाला कशाची खूण देत होता, आता सांगणारं कोणी नव्हतं. निंबानं तोही गोणीत टाकला होता.

*

नऊ दिवस शोभाबाई रांगेत शेवटी उभी राहिली. पहिल्या दोन दिवशी कुणी तिच्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शांताबाईनं आपले चार हंडे भरल्यावर नळाला लावलेल्या रबरी पाइपाचं तोंड पुढच्या बाईकडे न वळवता धरून ठेवलं आणि पाणी जवळच ठेवलेल्या शोभाबाईच्या कळशीत पडू दिलं. दुसरीकडे बघत. जणू हात दुखत होता म्हणून.

"लहान हंडे गं तुझे," शोभाबाई म्हणाली. "लवकर भरतात."

"जळलं तुझं तोंड," शांताबाई म्हणाली, आणि दोघींचं जुळलं.

हे नळाचे शेवटचे दिवस आहेत हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून की काय, पाणी गेल्यावरही बाया हलेनात. याच रांगेत पोरींची लग्नं ठरली होती. प्लेगच्या साली गल्ली रिकामी होऊन पुन्हा भरली तेव्हा कोण परत आलं, कोण नाही, ते इथेच मोजलं गेलं होतं. तापीचा पूर आला तेव्हा भोवती कमरेएवढं पाणी आणि प्यायला घोट नाही, तेव्हा या नळाच्या तोटीला कान लावून बाया आतली हवा ऐकत बसल्या होत्या. घरोघर नळ आला की दार लावून पाणी भरता येणार. कुणाची सून रडली, कुणाचा नवरा पिऊन आला, हे मग कळणार कुठून?

धुरपदाबाईही काठी टेकत यायला लागली. तिला पाणी भरायचं नव्हतं. नळाच्या कट्ट्यावर बसायची आणि जी ऐकेल तिला सांगायची. गावाकडची बुराई नदी उन्हाळ्यात कशी वाळायची, मग वाळूत झिरा कसा करायचा, हातानं, कोपरापर्यंत. तळाशी ओल यायची. मग वाटीभर पाणी. वाटी वाटीनं हंडा भरायचा, एका हंड्याला अर्धा दिवस.

"आजी, अर्धा दिवस काय करायच्या बसून?" शांताबाईनं विचारलं.

"गाना म्हनूत. आनि सासूले शिव्या देऊत."

"आमी पण तेच करतो. दोन मिनटांत उरकावं लागतं, एवढंच."

म्हातारी हसली. तिचे दोनच दात होते, दोन्ही दिसले.

वर्षा मात्र तोवर ती सहाशेवर पावलं चालतच होती. आता मध्ये दोनदा थांबायची. पाचव्या दिवशी ती वाटेत रिक्षाच्या धक्क्यानं पडता पडता वाचली आणि घरी आल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला निंबानं पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तो मिलमधली पहिली पाळी दुसऱ्याला देऊन तिच्या मागे दहा पावलांवर चालायला लागला. सासऱ्यानं सुनेच्या मागे संडासापर्यंत जायचं म्हणजे गल्लीला महिनाभराचा विषय. निंबा खाली मान घालून चालायचा. लोक बघायचे. तो चालायचा.

*

नवव्या दिवशी ललित आणि साहेब आले. गल्लीच्या टोकाला, आनंदाच्या दारात, पाइपाचं बूच काढलं होतं. आधी लाइन धुवायची, मग टेस्टिंग. आनंदाच्या दारात आळूची चार पानं लावलेली छोटीशी जागा होती, त्यातच पाणी सोडायचं ठरलं. सगळी गल्ली जमली. धुरपदाबाईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली.

आधी नुसती हवा आली. फुस्स. मग गढूळ पाण्याची एक उसळी. मग लाल, मातीचं, फेसाळ. आणि त्यातून पिवळी, कुजकी, गंगाफळाची एक साल बाहेर पडून आळूच्या पानाला चिकटली.

निंबाला ती साल ओळखू आली. बळीरामलाही आली. रोटाचं पाणी परक्या कुळाच्या अंगणात वाहत होतं, आळूत मुरत होतं, आनंदाच्या पायाला लागत होतं.

"मोठमाय," बळीराम हळूच म्हणाला, "हे ते त्यासना अंगनमा गयं."

आनंदा पाय काढायला लागला. "आजी, मी काय हात लावला न्हाई बरं का. आपोआप आलं."

"उभा ऱ्हाय तू," धुरपदाबाई म्हणाली.

ती खुर्चीत जरा पुढे सरकली. पाण्याकडे पाहिलं. गढूळपणा कमी होत होता, मग पाणी पांढरं झालं, मग नितळ. ललितनं बाटलीत नमुना घेतला. साहेबानं घड्याळ पाहिलं. म्हातारी अजून त्या आळूकडेच बघत होती.

"पानी जठे मुरस, तठे भाऊबंद," ती म्हणाली. "बळीराम, येता सालना गहू मोजशात ते याना घरनाबी मोजा. दर गडी सव्वा मूठ."

बळीरामचं तोंड उघडं राहिलं. त्यानं निंबाकडे पाहिलं. निंबानं मान हलवली. एकदाच.

आनंदानं चांगला कान पुढे केला. "काय म्हणली आजी?"

"रोट खायला बोलावतायत," शोभाबाई म्हणाली. "कुळात घेतलंय तुम्हांला."

इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं आनंदानं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "आमच्यात गडी तीन हैत, आजी. दीपक पुण्याला असतो. त्याला धरू का नको?"

"धर," म्हातारी म्हणाली. "गहू शेत."

ललितनं बूच परत लावलं, प्रेशरचा काटा वर गेला आणि तिथेच थांबला. साहेबानं सही केली. तोवर घरी पळालेल्या शोभाबाईचा आवाज आला, "आलं गं! आलं!" आणि त्यापाठोपाठ सुटकेस ओढल्याचा. बाया आपापल्या घरांकडे पळाल्या. एकेका दारातून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, बावीस ठिकाणी, बावीस भांड्यांत.

वर्षा तांब्या घेऊन आली. सगळ्यांसमोर प्यायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती आनंदाच्या दाराच्या आत जाऊन प्यायली.

शांताबाई एकटीच आळूपाशी राहिली होती. जमीन ओली होती, पाण्याचे ओघळ अजून चमकत होते. तिनं घरामागून चार विटा आणल्या. त्या जागेवर येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडू नये म्हणून चार कोपऱ्यांना एकेक मांडली, आणि तिसरी वीट थोडी तिरकी बसली म्हणून पुन्हा काढून नीट लावली.